‘कसं वाटलं?’ नको, ‘कुठे?’ विचारा

आठवीच्या वर्गात शास्त्रीय संगीतातला ख्याल लावला की दोन मिनिटांत मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘सर, गाणं कवा सुरू होईन?’ त्याच्या बाजूचा म्हणतो, ‘हा बाबा कायले रडून राह्यला?’ वर्ग खदखदून हसतो. यावर काही शिक्षक दटावतात, काही मोबाइल खिशात टाकतात आणि ‘आपल्या पोरांना हे कळायचं नाही’ असं ठरवून मोकळे होतात.

मला हे दोन्ही प्रश्न मोलाचे वाटतात. पहिला रचनेचा आहे, दुसरा आवाज कसा लावला याचा. मोठ्या शहरातल्या मैफलीत पहिल्या रांगेत बसणाऱ्या कितीतरी रसिकांनी हे स्वतःला कधी विचारलेले नसतात. तिथे योग्य वेळी मान डोलावली की भागतं. आठवीतल्या पोराला मान डोलावणं ठाऊक नाही, म्हणून तो विचारतो. त्याला ‘महान कला आहे, गुपचूप ऐक’ सांगितलं, की तो गुपचूप बसतो आणि ऐकणं सोडून देतो.

हे लिहितो आहे ते विदर्भातल्या खेड्यापाड्यांत शिकवणाऱ्यांसाठी. शाळेत संगीताचा शिक्षक नाही, जवळ एक मोबाइल, एखादा ब्लूटूथ स्पीकर, आणि झालंच तर गावातल्या भजन मंडळाची पेटी, एवढी सामग्री असेल तर काम होतं. स्पीकर मात्र हवाच. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर खालचे सूर उमटतच नाहीत. डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या वाद्याची, घुमक आणि तानपुऱ्याचा खर्ज दोन्ही गायब होतात. मग पोरं म्हणतात की तबला नुसता टिकटिक करते, आणि त्यांचं बरोबरच असतं.

आता पहिला प्रश्न. गाणं सुरू कधी होतं? उत्तर असं की तानपुरा लागला तेव्हाच ते सुरू झालं. तानपुरा ‘सा’ कानात भरून ठेवतो आणि पुढचा प्रत्येक सूर त्या ‘सा’पासून किती लांब आहे यावरून ओळखू येतो. गायक आधी थोडे आलाप घेतो, म्हणजे रागाचे सूर हळूहळू समोर मांडतो. मग बडा ख्याल, विलंबित लयीतला. त्याचे शब्द दोन-चार ओळींचेच असतात, स्थायी आणि अंतरा. सिनेमाच्या गाण्यावर वाढलेला कान पुढच्या कडव्याची वाट बघत बसतो, आणि कडवं येत नाही. इथे गोष्ट पुढे सरकते ती सुरांनी. गायक एकेक सूर उघडत वर चढतो, वरच्या ‘सा’पर्यंत पोचतो, आणि दर आवर्तनाला, म्हणजे तालाच्या दर फेरीला, बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचे शब्द) धरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येतो. नंतर छोटा ख्याल, द्रुत लयीत, ताना घेत. पोरांना हा भाग लगेच आवडतो, कारण इथे ठेका पायाला कळतो.

विलंबित लय त्यांना कळत नाही यात नवल नाही. उस्ताद अमीर खाँ यांच्या अतिविलंबित झूमरा तालात 14 मात्रांचं (ठोक्यांचं) एक आवर्तन पुरं व्हायला पाऊण मिनिटाच्या आसपास लागतं. इतक्या लांबलेल्या ठेक्यात सम शोधणं मोठ्यांनाही जड जातं. म्हणून सुरुवात अमीर खाँपासून करू नका. मध्यलयीतला तीनताल घ्या. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. 16 मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात. टाळी वाजवायला लावण्याआधी त्यांना डग्गा ऐकायला सांगा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याची घुमक बंद असते, चौदाव्याला ती परत येते. ज्याला ही जागा ऐकू आली त्याला सम कधी येणार हे आधीच कळतं. आणि गायक समेवर येताना वर्गातल्या चार-पाच माना एकदम खाली गेल्या, की समजायचं, गाडी रुळावर आली.

आपल्या पोरांचा कान कोरा नसतो, हे मी पुन्हा पुन्हा सांगत असतो. कार्तिकात पहाटेचा काकडा, हरिनाम सप्ताह, तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणणारी मंडळं, पूर्वेकडे झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटकं. यात वाढलेलं पोरगं ‘चाल’ म्हणजे काय, ‘पट्टी’ म्हणजे काय, झील (मागची साथ) कशी ओढायची हे न शिकवता जाणतं. भजनात एखाद्याने पट्टी फार वर धरली आणि अंतऱ्यात त्याचा आवाज फाटला, तर त्याची नक्कल दुसऱ्या दिवशी शाळेत होते. खंजिरीवाल्याचा ठेका चुकला तर दहा वर्षांचं पोरही वळून बघतं. चिकित्सक ऐकणं म्हणतात ते याहून फार वेगळं नाही. तेच कान अनोळखी गाण्याकडे वळवायचे आहेत, एवढंच.

वळवायचे कसे? माझा सगळा भर एका प्रश्नावर आहे. गाणं संपल्यावर आपण विचारतो, ‘कसं वाटलं?’ वर्ग एका सुरात म्हणतो, ‘छाऽऽन!’ याला मत म्हणत नाहीत. ही हजेरी झाली. त्याऐवजी विचारा, ‘कुठे?’ छान वाटलं तर कुठे छान वाटलं? कंटाळा आला तर कुठून यायला लागला? मोबाइलच्या पडद्यावर मिनिटं-सेकंद दिसतातच. पोरगं म्हणालं की ‘तिथं त्यानं सूर लय वेळ धरून ठेवला’, तर गाणं मागे नेऊन ती जागा सगळ्यांना परत ऐकवायची. आता सगळ्यांसमोर एक ठोस गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल भांडता येतं. एकीला तो लांबवलेला सूर आवडतो, दुसऱ्याला वाटतं की बुवाला दम दाखवायचा होता. दोघंही गाण्याबद्दलच बोलत असतात.

त्यासाठी तुकडा लहान हवा, तीन-चार मिनिटांचा, आणि तोच पुन्हा पुन्हा लावायचा. पहिल्यांदा नुसता ऐकायचा, दुसऱ्यांदा हाताने ठेका धरून, मग वहीत जागा टिपत. पूर्ण ख्याल एका बैठकीत ऐकवायचा हट्ट नको. तास संपल्याची घंटा काही गायकाच्या समेवर होत नाही.

‘रडून राह्यला’ याचंही तसंच. कुठे रडतो ते दाखव, म्हटलं तर पोरगं बरोबर अशा जागी बोट ठेवतं जिथे गायक एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी न मारता घसरत गेला आहे. ही मींड. रडण्यातही आवाज असाच घसरतो, म्हणून कानाला तसं वाटलं. पोरांना पेटीवर ती जागा वाजवून बघू द्या. वाजणार नाही, कारण पेटीची पट्टी सुटते आणि दुसरी लागते, मधली वाट तिच्याकडे नाही. याच कारणावरून आकाशवाणीने 1940 पासून तीसेक वर्षं पेटी वाजवायला बंदी घातली होती. ज्यांचं गावातलं सगळं भजन पेटीवर उभं आहे अशा वर्गाला हे सांगून बघा. बंदी बरोबर होती का? माझ्या मते नव्हती. गवयाने मींड घेतली आणि पेटीवाल्याने समजून साथ केली तर काही बिघडत नाही. पण माझं मत वर्गाला शेवटी सांगायचं, आधी नाही.

आता राग. राग म्हणजे सुरांची यादी, असा समज पुस्तकांमुळे होतो. वादी, संवादी, आरोह, अवरोह यांच्या व्याख्या घडाघडा म्हणणारी पण दोन राग कानाने वेगळे न करता येणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत. याला उतारा म्हणजे भूप आणि देसकार. भजन मंडळाची पेटी आणा आणि काळी तीन ‘सा’ धरा. आता फक्त काळ्या पट्ट्या वाजवायच्या, पांढऱ्यांना हात नाही. सा, रे, ग, प, ध, पाच सूर मिळतात. कोणत्याही पोराने कशीही बोटं फिरवली तरी बेसूर होत नाही, त्यामुळे पेटीभोवती गर्दी जमते.

हे पाच सूर भूपाचे. देसकाराचेही नेमके हेच पाच. मग फरक काय? गावच्या बैठकीत तीच पाच माणसं बसलेली असतात, पण शब्द कोणाचा चालतो त्यावर बैठकीचा रंग ठरतो. भूपात गंधाराचा, म्हणजे ‘ग’चा, शब्द चालतो. सगळी हालचाल खालच्या-मधल्या भागात, गंधारावर येऊन टेकणारी. देसकारात धैवताचा, म्हणजे ‘ध’चा. गायक वरच्या भागात, धैवत-पंचमाच्या आसपास राहतो, वरच्या ‘सा’कडे झेपावतो, आणि ऋषभावर (‘रे’वर) थांबत नाही. पेटीवर आधी ‘ग रे सा ध़ सा, रे ग, प ग’ असं सावकाश वाजवा, खालच्या धैवतासकट. मग ‘सां ध प, ग प ध सां, ध प’ वाजवा. सूर तेच, पण वर्गातलं एखादं पोरगं लगेच म्हणतं की दुसरं ‘जागं’ वाटते. रागांची थाटांत, म्हणजे गटांत, वर्गवारी करणाऱ्या भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात टाकला आणि देसकार बिलावल थाटात, तो सुरांच्या याच वेगळ्या हालचालीमुळे. थाटाचं नाव पोरांना आत्ता सांगितलं नाही तरी चालेल.

आणि भूप संध्याकाळनंतरचा, देसकार सकाळचा. आपल्याकडे मार्चपासून उन्हामुळे सकाळची शाळा लागते. ही संधी सोडू नका, कारण एरवी सकाळचे राग सकाळी ऐकवायला मिळतच नाहीत. त्या दिवसांत पहिल्या तासाला देसकार लावा. महिनाभराने दिवेलागणीला एखाद्याच्या ओट्यावर, देवळात, जमेल तिथे भूप. मग विचारा की वेळेचा खरंच काही परिणाम होतो, की आपल्याला आधी सांगितलं म्हणून तसं वाटतं? वेळ न सांगता दोन्ही ऐकवूनही बघा. एक गोष्ट या चर्चेत जरूर टाका. दाक्षिणात्य संगीतात मोहनम् हा राग आहे, सूर भूपाचेच, पण तिकडे रागाच्या वेळेचा नियम आपल्याइतका काटेकोर पाळत नाहीत. आठवीतल्या मुलीने यावर ‘मग हा नियम निसर्गाचा की माणसाचा?’ असं विचारलं तर तुमचा तास सार्थकी लागला. याचं तयार उत्तर देऊ नका. विद्वानांतही त्यावर एकमत नाही.

इथपर्यंत आलं की एकच राग दोन गायकांचा ऐकवायचा, आणि नावं लपवायची. हे फार महत्त्वाचं आहे. ‘आता भारतरत्न पंडित भीमसेन जोशी ऐकूया’ असं म्हणून लावलेल्या गाण्यावर कोणतं पोरगं टीका करील? नाव ऐकलं की कान बंद होतात, मोठ्यांचे तर आधी. त्यांना ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ म्हणू द्या. पहिल्याने ‘सा’वरून हलायला किती वेळ घेतला? दुसऱ्याने शब्द स्वच्छ उच्चारले की गिळले? तबलावाल्याशी कोण खेळतो? कोणाच्या ताना मोजता येतात आणि कोणाच्या एकमेकांत मिसळतात? मतं पडली की मग नावं सांगा. आपण किराणा घराण्याच्या, म्हणजे गाण्याच्या त्या परंपरेच्या, बाजूने बोललो की आग्रा घराण्याच्या, हे पोरांना तेव्हा कळतं.

घराण्यांबद्दल सोप्यात सोपं सांगायचं तर समीक्षक वामनराव देशपांडे यांची मांडणी कामाची आहे. त्यांनी एका टोकाला स्वर ठेवला, दुसऱ्या टोकाला लय. स्वराच्या टोकाला किराणा, लयीच्या टोकाला आग्रा, आणि मध्ये दोन्हींचा तोल साधणारं जयपूर. ऐकायला सुरुवात करणाऱ्याला ही मोजपट्टी बरी पडते. पण वामनराव स्वतः जयपूर गायकी शिकलेले होते, हेही लगेच सांगा. तोल साधणारं घराणं मध्यभागी आणि तेच आपलं, हा योगायोग आहे की आवड? मला त्यांची मांडणी पटते, तरी हा प्रश्न विचारायला हवाच. मोठ्या समीक्षकाचं मतही कुठल्यातरी जागेवर उभं राहून दिलेलं असतं.

समीक्षा म्हणजे पुण्या-मुंबईचा उद्योग असं पोरांना वाटू नये म्हणून दोन नावं सांगण्यासारखी आहेत. प्रभात कंपनीच्या चित्रपटांना संगीत देणारे केशवराव भोळे अमरावतीत जन्मले, आणि ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी त्या काळच्या गवयांवर मोकळेपणाने लिहिलं. टोपणनाव का घेतलं असेल, यावर वर्गात मजेशीर चर्चा होते. दुसरे वसंतराव देशपांडे, 1920 साली मूर्तिजापुरात जन्मलेले. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे सुरुवात आणि पुढे अनेक घराण्यांच्या गुरूंकडून विद्या. त्यामुळे ‘यांचं घराणं कोणतं?’ हा प्रश्न त्यांना आयुष्यभर चिकटला. वसंतराव ऐकवून वर्गाला विचारा की घराणं एकच नसणं हा दोष आहे का. त्यांच्या ताना ऐकून पोरं आधी चाट पडतात आणि मग वाद घालतात. मला तो क्रम आवडतो.

मत बनवताना ध्वनिमुद्रण कसं झालं याचाही हिशेब धरावा लागतो. अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या तबकड्या ऐकवल्या की एखादं पोरगं म्हणतं, हे बरे, तीन मिनिटांत संपवतात. त्या 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावत. खाँसाहेब मैफलीत तेवढंच गात असं नाही. त्या खरखरीतून आवाजाचा पोत जोखतानाही सावध राहायला हवं. यंत्राची मर्यादा गवयाच्या माथी मारायची नाही.

याहून अवघड प्रश्न गायक कुमार गंधर्वांचा. 1948 च्या सुमारास ते देवासला राहायला आले ते क्षयाने आजारी असताना. काही वर्षं गाणं बंद होतं. परत गायला लागले तेव्हा श्वासाला मर्यादा पडली होती, आणि त्यांच्या गाण्यात छोटे, तुटक, एकदम उसळून येणारे स्वरसमूह दिसू लागले. माळव्यातल्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग बांधले. जुन्या जाणकारांतले काही त्यामुळे वेडे झाले, काही संतापले. हे गाणं पोरांना आधी काहीच न सांगता ऐकवा आणि मतं लिहून घ्या. कोणी लिहील, ‘मधातच तोडून टाकते’. कोणी लिहील, ‘अचानक येते, म्हणून जागं राहा लागते’. मग आजाराची हकीकत सांगा आणि तोच तुकडा परत लावा. आता मत बदललं का? बदलावं का? ज्याने ‘तोडून टाकते’ लिहिलं होतं तो बहुधा ओशाळतो आणि खोडायला लागतो. त्याला खोडू देऊ नका. ऐकू आलं ते त्याने अचूक टिपलं होतं. हकीकत कळल्यावर त्या तुटण्याचा अर्थ बदलला असेल, पण गाणं तिथे तुटतं हे खरंच आहे. दयेने दिलेली दाद कुमारांना चालली असती असं मला वाटत नाही.

दादेचं निघालंच आहे म्हणून सांगतो. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात श्रोत्यांचे ‘क्या बात है’, ‘वाहवा’ ऐकू येतात, आणि पोरं त्यामागे जातात. अशा जागी थांबवून विचारा, लोक कशाला वाहवा म्हणाले? कधी ती अवघड समेला असते, कधी अनपेक्षित लागलेल्या सुराला, आणि कधी, खरं सांगायचं तर, नुसती सवयीची. ‘इथं काहीच नव्हतं, तरी म्हणले’ असं एखादीने ठणकावून सांगितलं तर तिला पुरावा विचारा. जागा दाखवली तर ते मत धरा.

भाषेची अडचण काढू नका. ‘भावपूर्ण’, ‘सुमधुर’, ‘मंत्रमुग्ध’ हे शब्द कार्यक्रमाच्या बातमीत शोभतात. त्यातून गाण्याबद्दल काहीच कळत नाही. खणखणीत, घोगरा, दमला, लडखडला, ओढून धरलं, चढत गेला, मधातच सोडलं, हे पोरांचे शब्द जास्त नेमके आहेत. ते वहीत तसेच येऊ द्या, वऱ्हाडीत. मींड, गमक, खटका हे शब्द नंतर द्यावेत, कानाला ती गोष्ट सापडल्यावर. आधी दिले तर पोरं शब्द पाठ करतात.

शेवटी काही पोरांना हे गाणं आवडणार नाही. वर्षभर ऐकवूनही नाही. त्यांनी आवडल्याचं नाटक करावं, अशी अपेक्षा ठेवू नये. फक्त ‘बोअर’ या शब्दावर सोडायचं नाही, पुन्हा ‘कुठे?’ विचारायचं. उत्तर आलं की त्याप्रमाणे पुढचं गाणं निवडायचं. ‘लय वेळ एकाच सुरावर’ अशी तक्रार असेल तर मल्लिकार्जुन मन्सूरांचं जयपूर ढंगाचं गाणं लावा. तिथे गायक रेंगाळत नाही, सूर आणि लय सुरुवातीपासून एकमेकांत गुंतलेले असतात. ‘शब्दच नाहीत’ म्हणणाऱ्याला ठुमरी द्या, एकच ओळ वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणणारी. आणि ‘तबल्याले काही कामच नाही’ असं लिहिणारा खंजिरीवाल्याचा पोरगा वर्गात असतोच. त्याला तबल्याचा एकल कार्यक्रम ऐकवा. तिथे ठेका धरून बसायचं काम सारंगीकडे किंवा पेटीकडे जातं, ती एकच सुरावट, म्हणजे लेहरा, पुन्हा पुन्हा वाजवत राहते, आणि तबला मन मानेल तिकडे जाऊन समेवर परततो. त्या पोराला लेहऱ्यावर कान ठेवून सम शोधायला सांगा, आणि सापडली की बाकीच्या वर्गाला ती दाखवायचं काम त्याच्याकडेच द्या.